तुमच्या ब्रेसेसमागचा माणूस : एडवर्ड अँगल, आणि दात 'फास्ट' सरकवण्याची घाई

गेल्या महिन्यात माझ्या इन्स्टाग्रामवर एक रील सारखं येत होतं. ब्रेसेस दीड वर्षाऐवजी सहा महिन्यांत, मोठं ऑपरेशन नाही, टाके नाहीत, फक्त हिरडीतून हाडाला दोन-तीन बारीक छिद्रं. मी बुरोंडीचा. अकरा महिन्यांपासून दर महिन्याला एसटीने दापोलीला जाऊन तार आवळून घेतोय. वरच्या दोन लहान दाढा काढल्यात आणि त्या मोकळ्या जागेत सुळे मागे सरकायचेत. जागा काही बंद होत नाही. त्यामुळे ते रील मी पुढे सरकवलं नाही, हे सांगायला नको. त्या क्लिनिकला मेसेज टाकला. पंधरा हजार जास्तीचे लागतील, असं उत्तर आलं.

पैसे भरण्याआधी जरा वाचावं म्हणून बसलो, आणि जे काही उघडलं त्यात एकच नाव पुन्हापुन्हा यायला लागलं : अँगल. आधी वाटलं भूमितीतला अँगल, दात किती अंशात वाकडा वगैरे. तर तो माणूस निघाला! तुमच्या-माझ्या तोंडात जी ब्रेसेस आहेत त्यांचा साचा याचा, माझ्या फाईलवर जे 'क्लास टू' लिहिलंय ते याचं, आणि दात काढावेत की नाहीत या भांडणाचं मूळही बरंचसं याच्याकडेच जातं. म्हणून छिद्रांच्या आधी थोडं या माणसाबद्दल.

मेंढ्या गेल्या, दात राहिले

एडवर्ड हार्टली अँगल १ जून १८५५ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, हेरिक नावाच्या खेड्यात जन्मला. शेतकऱ्याचं घर, सात भावंडं. शाळेत मन कमी, पण हातात काही सापडलं की ते खोलून परत जोडायचं, हा नाद. आईने तो ओळखला आणि पोराला एका दंतवैद्याकडे उमेदवारीला ठेवलं. त्या काळचा दंतवैद्य म्हणजे निम्मा सोनारच. स्वतः तार ओढायची, पट्ट्या वळवायच्या, डाग द्यायचे. या पोराला ते बरोबर जमलं. १८७८ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि गावाकडच्या भागात दवाखाना थाटला.

मग छातीचं दुखणं जडलं. हवापालट म्हणून मिनियापोलिस, तिथून पुढे थेट मोंटानात मेंढपाळी. हो, मेंढ्या! दात सोडून माणूस मेंढ्यांच्या मागे गेला. एका कडक हिवाळ्यात बर्फाच्या वादळांनी कळप संपवला आणि हा रिकाम्या हाताने शहरात परतला. २०२० च्या निसर्ग वादळात दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजवायला नको. अँगलच्या बाबतीत एवढंच झालं की मेंढ्या वाचल्या असत्या तर तो कदाचित दातांकडे परत वळलाच नसता.

दातांचं यूएसबी-सी

परत आल्यावर तो मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागला आणि वाकडे दात सरळ करणं या एकाच कामाच्या मागे लागला. तेव्हा या कामाला स्वतंत्र शाखा म्हणून कोणी विचारत नव्हतं. प्रत्येक डॉक्टर प्रत्येक पेशंटसाठी स्वतःच्या डोक्याने नवं यंत्र बनवायचा. एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही, आणि पेशंटने गाव बदललं की सगळं पहिल्यापासून.

अँगलने काय केलं, तर सुटे भाग ठरवून टाकले. दाढेवर बसणारी पट्टी, तिला जोडलेली नळी, नळीत जाणारी तार, तारेच्या टोकाला आटे आणि नट. ठरावीक मापाचे, कारखान्यात बनणारे, डबीतून विकत मिळणारे. डॉक्टरने फक्त निवडायचे आणि जोडायचे. आज कुठल्याही कंपनीचा सी-टाइप चार्जर तुमच्या फोनला चालतो ना, तसं. १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्याने आपली पद्धत मांडली. त्याच सुमारास आलेली त्याची छोटी पुस्तिका आवृत्ती-आवृत्तीला फुगत गेली, आणि १९०७ ला सातवी आवृत्ती आली तोवर तो जाडजूड ग्रंथ झाला होता.

या भागांवर त्याने डझनांनी पेटंट घेतली आणि त्यावरून त्याला भरपूर शिव्या बसल्या. डॉक्टरने उपचार करावा, दुकान मांडू नये, असा सूर होता. मला इथे अँगलची बाजू अर्धीच पटते. माप ठरवल्यामुळे हे उपचार पसरले हे खरं, पण आपलंच खरं आणि आपल्याच डबीतलं खरं, हा त्याचा हेकाही त्यात होता. स्वभावाने तो भांडखोर होता, यावर त्याच्या शिष्यांचंही दुमत नव्हतं. एकामागून एक विद्यापीठांत त्याचं बिनसलं. शेवटी १९०० मध्ये त्याने सेंट लुईसला स्वतःची शाळा काढली, फक्त याच एका विषयाची. त्यासाठी तो दंतवैद्यांनी आपला सगळा दवाखाना सोडून फक्त हेच करावं, असा आग्रह धरायचा. ऑर्थोडॉन्टिस्ट नावाचा वेगळा डॉक्टर आज असतो, तो या आग्रहामुळे. आपल्याकडे मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज १९३३ ला सुरू झालं आणि भारतातल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना १९६५ ला झाली. म्हणजे ही लाट आपल्या किनाऱ्याला लागायला बरीच वर्षं गेली.

१८९९ मध्ये त्याने ते वर्गीकरण छापलं. आरशासमोर उभं राहून तुम्हालाही बघता येईल. साधारण सहाव्या वर्षी जी पहिली पक्की दाढ येते ती शोधा. दात नीट मिटा. वरच्या दाढेचा पुढचा-बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसत असेल तर क्लास वन. खालची दाढ त्यापेक्षा मागे असेल तर टू, पुढे असेल तर थ्री. एवढंच! सव्वाशे वर्षं झाली, जगभरच्या फाइलींवर अजून हेच लिहितात.

हाड ऐकतं, पण किती?

आता मुद्द्यावर येतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी पातळ तंतूंची गादी असते. तारेने दात एका बाजूला दाबला की त्या बाजूची गादी चेपते. मग तिथे हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि दातासाठी वाट करून देतात. मागच्या बाजूला गादी ताणली जाते, तिथे हाड भरणाऱ्या पेशी कामाला लागतात. दात सरकतो म्हणजे त्याच्यापुढचं हाड विरघळतं आणि मागचं नवं बनतं. हे महिन्याला साधारण १ मिलिमीटर.

मग जोरात का ओढत नाहीत? मलाही हेच वाटायचं. १९०४ च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट याने कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर जोर जास्त झाला की गादीतला रक्तपुरवठा बंद पडतो, तो भाग निर्जीव होतो आणि दात जागीच अडकतो. तो मेलेला भाग साफ झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि त्यात आठवडे जातात. म्हणजे जास्त ओढलं की काम आणखी लांबतं, शिवाय दाताचं मूळ झिजायचा धोका.

घाई मात्र तेव्हाही होतीच. १८९३ मध्ये, ज्या वर्षी विवेकानंद शिकागोला बोलले त्याच वर्षी, त्याच शहरात दंतवैद्यांची मोठी परिषद भरली होती. तिथे जॉर्ज कनिंगहॅम नावाच्या इंग्रज डॉक्टरने दाताभोवतीचं हाड कापून दात तिथल्या तिथे सरळ करायची पद्धत मांडली. अँगलला शस्त्रक्रियेचं वावडं नव्हतं. खालचा जबडाच फार पुढे असलेल्या माणसाच्या जबड्यातून हाडाचा तुकडा काढून तो मागे घ्यायचा, ही शस्त्रक्रिया सेंट लुईसमध्ये व्हिल्रे ब्लेअर या सर्जनने केली. अशा शस्त्रक्रियेवर अँगलने १९०३ मध्ये लेखही लिहिला. पण नेहमीच्या वाकड्या दातांना त्याचा रस्ता एकच : तार, आणि वेळ.

यामागे त्याची एक श्रद्धा होती. जर्मन सर्जन युलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडलं होतं की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. अँगलने ते उचललं आणि पुढे ताणलं. दात बरोबर जागी नेऊन ठेवा, चावायचं काम नीट सुरू झालं की त्यांच्याभोवती हाड आपोआप वाढेल, असं तो मानायचा. त्यामुळे दात काढायचा प्रश्नच नाही. बत्तीसच्या बत्तीस राहिले पाहिजेत, कमान रुंद करा. त्याचा एक चित्रकार मित्र होता, एडमंड वुर्पेल. चेहऱ्याचं सौंदर्य शिकवायला अँगलने त्याला आपल्या शाळेत आणलं होतं, आणि आदर्श चेहरा म्हणून ग्रीक अपोलोचा पुतळा त्याच्या पुस्तकात आहे. सगळे दात असले की चेहरा तसा सुबक होणारच, हा त्याचा हिशोब. (आमच्या गावातल्या कोणाचं तोंड त्या पुतळ्यासारखं नाही, आणि कोणाचं काही अडत नाही, हे माझं मत.)

शिकागोचे कॅल्व्हिन केस यांना हे पटत नव्हतं. काही जबड्यांत जागाच नसते, तिथे दात काढावे लागतात, असं ते म्हणायचे. १९११ मध्ये यावर मोठा वाद झाला. अँगलच्या बाजूने त्याचा शिष्य मार्टिन ड्युई उभा राहिला. त्या वेळी पारडं अँगलकडे झुकलं आणि पुढची कितीतरी वर्षं दात काढणं हे पाप मानलं गेलं.

पॅसाडिना

१९०८ मध्ये अँगलने ॲना हॉपकिन्सशी लग्न केलं. ती त्याची सेक्रेटरी होती, मग स्वतः दंतवैद्यक शिकून पदवीधर झाली. त्याचे लेख, पत्रव्यवहार, शाळेचा कारभार, रुसलेल्या शिष्यांची समजूत, सगळं तिच्याकडे. शिष्य तिला मदर अँगल म्हणत. अशा माणसाच्या घरात राहून त्याची शाळा चालवणं हे तार वळवण्यापेक्षा अवघड काम असणार. पण पुस्तकांत तिला दोन-तीन ओळींच्या वर जागा नाही.

तब्येतीने दमलेला अँगल पुढे कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला निवृत्तीसाठी गेला. शिष्यांनी तिथेही गाठलं. १९२२ मध्ये शाळेची नवी इमारत उभी राहिली. आणि सत्तरीला आलेल्या या माणसाने आयुष्यातलं सगळ्यात टिकलेलं काम तिथे केलं.

त्याच्या जुन्या यंत्रांत एक खोट होती. तार दाताचं डोकं ढकलायची, मूळ मात्र मागेच राहायचं, म्हणजे दात कलायचा. मधल्या काळात त्याने दोन-तीन रचना करून पाहिल्या. एक इतकी नाजूक होती की ती बसवता येणारे हात फार थोड्यांचे. १९२५ मध्ये त्याने चौकोनी छेदाची तार घेतली, तिची अरुंद कड दाताकडे केली आणि प्रत्येक दातावर समोरून उघडी खाच असलेला छोटा तुकडा बसवला. खाचेचं माप ०.०२२ इंच गुणिले ०.०२८ इंच. गोल तार खाचेत फिरते, चौकोनी फिरत नाही. त्यामुळे तारेला पीळ दिला की तो थेट दाताच्या मुळापर्यंत पोचतो. दात वर-खाली, आत-बाहेर, आणि मुळासकट कलवता येऊ लागला. याला एजवाइज म्हणतात. तेव्हा हे सोन्याच्या मिश्रधातूचं असायचं, आज स्टील किंवा सिरॅमिकचं. पुढे प्रत्येक दाताचा कल खाचेतच बसवून दिला गेला. पण समोरून उघडी चौकोनी खाच तीच, आणि ०.०२२ हे मापही आजच्या डब्यांवर छापलेलं असतं.

११ ऑगस्ट १९३० ला तो गेला. शिष्यांनी त्याच्या नावाने 'अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट' हे नियतकालिक काढलं. ते अजून निघतं आणि फोनवर फुकट वाचता येतं.

दात न काढण्याच्या त्याच्या मताला धक्का त्याच्याच लाडक्या शिष्याने दिला. ॲरिझोनाच्या चार्ल्स ट्वीडने काही वर्षं गुरूच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही. मग आपलेच जुने पेशंट परत बोलावून पाहिले, तर बऱ्याच जणांचे दात पुन्हा वाकडे झालेले, ओठ पुढे आलेले. हाड अँगलला वाटलं होतं तितकं मागोमाग आलं नव्हतं. ट्वीडने त्यातल्या कित्येकांच्या चार लहान दाढा काढून उपचार परत केले आणि १९४० मध्ये शंभर केसेस दोन्ही वेळच्या साच्यांसकट सगळ्यांसमोर मांडल्या. गुरुबंधू चिडले. पण साचे समोर होते. माझ्या दोन दाढा काढल्या गेल्या त्याची सुरुवात तिथे आहे.

मग ती छिद्रं?

वोल्फचा नियम अँगलने जिथवर ताणला तिथवर तो खरा ठरला नाही, पण हाडाची एक वेगळीच खोड नंतर सापडली. १९५९ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाइनरिश कोले यांनी दातांभोवतीच्या हाडाच्या कडक बाहेरच्या थराला काप देऊन दात लवकर हलवले. त्यांना वाटलं हाडाचे ठोकळे सुटे होऊन सरकतात. १९८३ मध्ये अमेरिकन हाडतज्ज्ञ हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी लिहिलं की हाडाला कुठेही इजा झाली की त्या भागापुरतं मोडणं-बांधणं काही काळ जोरात चालतं, हाड तेवढ्यापुरतं मऊ पडतं, आणि काही महिन्यांत पूर्वपदावर येतं. २००१ मध्ये विल्को बंधूंनी, तेही पेनसिल्व्हेनियाचेच, सीटी स्कॅनवर पाहिलं की काप दिल्यावर ठोकळे सरकत नाहीत. हाडातलं कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं आणि नंतर भरून येतं.

पण त्यासाठी हिरडी उलटून काढावी लागायची. सूज, टाके, खर्च. म्हणून इजा लहान करत नेली. २००९ च्या सुमारास हिरडीला फक्त छोट्या उभ्या चिरा देऊन अल्ट्रासाउंडच्या पात्याने हाडाला काप देण्याची पद्धत आली, तिला पायझोसिजन म्हणतात. मग त्याहून लहान, म्हणजे माझ्या रीलमधली : फक्त भूल देऊन, हिरडीतूनच स्क्रूसारख्या हत्याराने हाडात बारीक भोकं. मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या अलिखानी यांच्या गटाने २० प्रौढांवरच्या अभ्यासात सांगितलं की २८ दिवसांत सुळा २.३ पट जास्त सरकला. जाहिरातींचा सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे.

तो आकडा नीट वाचा. २८ दिवस. एक दात. पूर्ण उपचार किती महिने कमी झाले, हे त्यात मोजलेलं नाही. हाडाचा तो जोर ओसरला की वेग खाली येतो, मग छिद्रं परत पाडायची. नंतरच्या काही चाचण्यांत, जिथे एकाच माणसाच्या एका बाजूला छिद्रं आणि दुसरी बाजू तशीच ठेवली, फरक फार थोडा दिसला किंवा दिसलाच नाही. त्यातली एक अँगलच्याच नावाच्या त्या नियतकालिकात २०१९ मध्ये छापली गेली. २०१५ मध्ये कोक्रेन या संस्थेने हाडाला इजा करून वेग वाढवायच्या पद्धतींचे नीट केलेले अभ्यास शोधले, तर सगळे मिळून चार अभ्यास आणि ५७ पेशंट हाती लागले. पुरावा कमजोर, असा त्यांचा निष्कर्ष. तोंडात धरून रोज वीस मिनिटं थरथरवायचं यंत्रही मिळतं. त्याचा फायदाही चाचण्यांत सिद्ध झालेला नाही.

छिद्रं म्हणजे फसवणूक असं मी म्हणत नाही. एखादा दात अडून बसलाय, डॉक्टरला एका ठिकाणी, एका टप्प्याला जोर हवाय, तिथे त्यांचा विचार होतो. पण सहा महिन्यांत सगळं, हे त्या अभ्यासांतून निघत नाही. हिरड्यांचा आजार, ताब्यात नसलेली शुगर, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली औषधं, आणि आमच्याकडची मिश्री-तंबाखू, असं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. दुखलं म्हणून मनाने आयब्युप्रोफेनही घेऊ नका. हाडाला जी सूज हवी असते तिलाच ते दाबतं. कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा.

मागच्या मंगळवारी दापोलीच्या माझ्या डॉक्टर मॅडमना रील दाखवलं. त्यांनी आधी माझी फाईल उघडली. पावसाळ्यात गाडी चुकली, भात लावणी होती, म्हणून मी दोन महिने आलोच नव्हतो. त्याआधी चणे खाताना डावीकडचा ब्रॅकेट निघाला होता, तो तीन आठवडे तसाच. डावी बाजू मागे राहिली ती तिथे. मग मापलं. गेल्या दोन महिन्यांत, न चुकता आल्यावर, दोन्हीकडे दोन मिलिमीटरच्या आसपास जागा कमी झाली होती. उरलेली साडेतीन.

मॅडमनी जुनी तार काढून ०.०१९ गुणिले ०.०२५ ची चौकोनी तार ०.०२२ च्या खाचेत बसवली, दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावली, आणि पुढची तारीख दिली. पंधरा हजार अजून खात्यात आहेत.